गुळवेलीचा अर्क आमवातात पूरक औषध म्हणून तपासायचा असेल तर

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही आयुर्वेदात एम.डी. करून तालुक्याच्या गावी दवाखाना चालवता. आमवाताचे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, मेथोट्रेक्सेट (या आजाराचं नेहमीचं ॲलोपॅथिक औषध) चालू असलेले दहा रुग्ण तुमच्याकडे आले. त्यांचं मेथोट्रेक्सेट तसंच ठेवून तुम्ही गुळवेलीचा अर्क सुरू केला. तीन महिन्यांत आठ जणांची सूज उतरली आणि सीआरपीही (रक्तातली दाहाची खूण) खाली आलं. आता हा अर्क पूरक उपचार म्हणून उपयोगी आहे हे शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध कसं करायचं, किती रुग्ण लागतील आणि परवानग्या कोणाच्या, असं तुम्ही विचारलंय.

मी औषधांच्या चाचण्या आखणं, त्यांवर देखरेख करणं आणि एथिक्स कमिटीत (रुग्णांचं हित पाहून चाचणीला परवानगी देणाऱ्या समितीत) बसून दुसऱ्यांच्या आखण्या वाचणं हे काम बरीच वर्षं करतोय. त्यात वनौषधींचे प्रस्ताव पुष्कळ येतात आणि बहुतेक ‘सिद्ध कसं करू’ इथूनच सुरू होतात. तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. त्या आठ जणांच्या सुधारणेत अर्काचा वाटा किती आणि बाकीच्या गोष्टींचा किती, हे आज तुम्हाला किंवा मला सांगता येत नाही. चाचणी म्हणजे ही वजाबाकी करता यावी म्हणून केलेली मांडणी. वजाबाकीचं उत्तर शून्य येऊ शकतं, उणेही येऊ शकतं, आणि तशी जागा मांडणीत ठेवलेली नसेल तर तिला चाचणी म्हणता येत नाही.

मग वजा काय काय करायचं? पहिलं मेथोट्रेक्सेटच. हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं आणि हळू चढणारं. गुण दिसू लागायला महिना-दीड महिना लागतो, पूर्ण परिणाम कळायला तीन महिने किंवा त्याहूनही जास्त. रुग्ण तुमच्याकडे कधी येतो? बहुधा गोळी सुरू होऊन पाच-सहा आठवडे झालेत, अजून दुखतंय, घरचे म्हणतायत ‘ॲलोपॅथीनं काही होत नाही, वैद्यांना दाखव’, अशा वेळी. पुढच्या दोन महिन्यांत जी सुधारणा होते ती कदाचित आधीच वाटेवर होती. तुमच्या दहा जणांचं मेथोट्रेक्सेट कोणत्या तारखेला सुरू झालं आणि डोस शेवटचा कधी वाढवला, हे आधी काढा. माझा अंदाज आहे की आठातले दोन-तीन जण तिथेच गळतील.

दुसरं, या आजाराची चढउतार. आमवात, ल्युपस, सोरायसिस, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) हे सगळे आजार मधूनच भडकतात आणि मधूनच निवतात. माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो सगळ्यात वाईट दिवसांत. सगळ्यात वाईट दिवसानंतरचा दिवस बहुतेक वेळा जरा बरा असतो, मग मधे काहीही दिलं तरी. तिसरं, वेदनाशामक आणि स्टिरॉइड. गावातल्या डॉक्टरनं मधे प्रेडनिसोलोनचा एक कोर्स दिला आणि रुग्णानं तुम्हाला सांगितलंच नाही, असं होतं. तुम्ही विचारलं नाही तर तो सांगणारही नाही, कारण वैद्यांना राग येईल असं त्याला वाटतं.

चौथं प्लासिबो, म्हणजे निष्क्रिय औषध घेऊनही दिसणारा गुण, आणि इथे आकडे दिल्याशिवाय पटत नाही. आमवातावरच्या टोफॅसिटिनिब या गोळीची एक मोठी चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यात सगळ्यांचं मेथोट्रेक्सेट चालू होतं आणि तरीही आजार धगधगत होता. सहा महिन्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी ५१.५ टक्के लोकांत ठरलेली किमान सुधारणा दिसली. नुसती निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत तीच सुधारणा २८.३ टक्के लोकांत होती. अडालिमुमॅब या इंजेक्शनच्या २००३ मधल्या चाचणीत हे आकडे ६७.२ आणि १४.५ होते. म्हणजे त्याच आजारात, त्याच मूळ औषधावर, निष्क्रिय औषधाचा ‘गुण’ एका ठिकाणी साडेचौदा टक्के, दुसऱ्या ठिकाणी अठ्ठावीस. तुमच्या दवाखान्यात तो किती असेल हे बाहेरच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. तुमच्याच रुग्णांत, त्याच काळात, दुसरा गट ठेवूनच ते मोजावं लागतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पुण्याचं आहे. डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी आयुर्वेदीय वनस्पतींच्या एका मिश्रणाची आमवातात डबल ब्लाइंड चाचणी केली, म्हणजे कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. १८२ रुग्ण, १६ आठवडे, २००० साली प्रसिद्ध झालेली. औषधाचा गट सुधारला, पण प्लासिबोचा गटही चांगलाच सुधारला, आणि दोहोंतलं अंतर बऱ्याच मोजमापांत पुसट झालं. त्या चाचणीला अपयश म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला ती आपल्याकडच्या सगळ्यात शिकवणाऱ्या चाचण्यांपैकी एक वाटते. प्लासिबो गट नसता तर ‘आयुर्वेदिक औषधानं आमवात आटोक्यात’ अशी बातमी झाली असती, आणि ती खरी की खोटी हे कुणालाच कळलं नसतं.

आता आखणीकडे येतो. मूळ औषध दोन्ही गटांत सारखं आणि स्थिर हवं. मी असा नियम घालीन: मेथोट्रेक्सेट किमान तीन-चार महिने चालू, शेवटचे दोन महिने डोस तोच, आणि तरीही आजार मध्यम किंवा तीव्र. स्टिरॉइड असेल तर कमी डोसमध्ये आणि तोही न बदललेला. मग चिठ्ठ्या टाकून अर्धे मेथोट्रेक्सेट अधिक अर्क, अर्धे मेथोट्रेक्सेट अधिक तसंच दिसणारं निष्क्रिय कॅप्सूल. दोन्ही गटांना फॉलिक ॲसिड सारखंच. मेथोट्रेक्सेट बंद करून अर्क देऊन पाहण्याचा विचार मनात असेल तर तो सोडा. सांध्याची झीज पहिल्या काही वर्षांत जी होते ती परत भरून येत नाही, आणि कोणतीही शहाणी एथिक्स कमिटी त्याला होकार देणार नाही.

दोन्ही गट एकाच काळातले असावेत. ‘मागच्या वर्षीचे रुग्ण आमच्याकडे नोंदलेले आहेत, त्यांच्याशी तुलना करू’ असं हमखास सुचवलं जातं. पावसाळ्यात आमची हाडं धरतात असं रुग्ण सांगतात, दिवाळीनंतर पथ्य सुटतं, मधेच चिकुनगुन्याची साथ येते आणि अर्ध्या तालुक्याचे सांधे सुजतात. दोन्ही गट बरोबर चालले तर हे सगळं दोन्हीकडे सारखं वाटलं जातं. यादृच्छिक क्रमाची यादी तुमच्याकडे नको. ती दुसऱ्या कोणाकडे, शक्यतो औषध वाटणाऱ्या फार्मासिस्टकडे, बंद असावी. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे तुम्हाला आधी कळलं तर जास्त आजारी माणूस नकळत अर्काकडे ढकलला जातो. यात लबाडी नसते, माया असते. पण आकडे बिघडायचे ते बिघडतातच.

कोण कोणत्या गटात हे गुपित राखणं वनौषधीत अवघड जातं. गुळवेल कडू, वास ओळखीचा, आणि आपल्याकडे निम्म्या घरांत तिचा काढा पिऊन झालेला. म्हणून चूर्ण किंवा काढा नको. अर्क कठीण कॅप्सूलमध्ये, बाटलीला तोच वास येईल अशी व्यवस्था करून. आणि शेवटी प्रत्येक रुग्णाला विचारा, ‘तुम्हाला काय मिळालं असं वाटतं?’ बहुतेकांनी बरोबर ओळखलं असेल तर गुपित फुटलं होतं, आणि वेदनेसारखी रुग्णानं सांगायची मोजमापं तेवढ्या विश्वासाची राहिली नाहीत. सांधे मोजणारा माणूस वेगळा ठेवा. औषध देणाऱ्यानं सूज मोजू नये.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, तो अर्क. तुमच्या प्रश्नात अर्काबद्दल एकच ओळ आहे: ‘आम्ही स्वतः काढलेला’. एथिक्स कमिटीत मी पहिला प्रश्न यावरच विचारला असता.

कोणती वेल? टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे आपली गुळवेल, पण तिची भावंडं बाजारात तिच्याच नावानं येतात. टिनोस्पोरा सायनेन्सिस महाराष्ट्रातही मिळते, तिच्या कोवळ्या पानांवर लव असते. टिनोस्पोरा क्रिस्पाचं खोड गाठीगाठींचं. तुकडे करून वाळवलेला माल आला की नुसत्या डोळ्यांनी फरक करणं कठीण. नमुन्याची हर्बेरियम शीट करून वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्या, आणि वाळलेल्या मालाची डीएनएवरून तपासणी करा. गुळवेलीत नर वेल आणि मादी वेल वेगळी असते, ती कडुनिंबावर चढलेली घ्यावी असं आपण परंपरेनं मानतो, आणि खोड कोणत्या ऋतूत तोडलं याचाही फरक पडतो. परंपरेचं म्हणणं बरोबर असो की नसो, चाचणीच्या सगळ्या मालाला ही उत्तरं एकच हवीत.

कसा काढला? पाण्यात उकळून, की अल्कोहोल-पाण्यात? पाण्यात पॉलिसॅकराइड्स जास्त उतरतात, अल्कोहोलमध्ये डायटर्पीनसारखे कडू घटक. एकाच वेलीतून निघालेली ही रसायनाच्या दृष्टीनं दोन वेगळी औषधं आहेत. किती किलो वाळक्या खोडातून किती ग्रॅम अर्क निघतो, हे प्रमाण प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळी काढलेल्या अर्काला, लिहा. एचपीटीएलसीचा (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीचा) ठसा घ्या, कॉर्डिफोलिओसाइडसारखा एखादा मार्कर, म्हणजे ओळखीचा घटक, मोजा, आणि त्याची खालची-वरची मर्यादा ठरवा. संपूर्ण चाचणीला पुरेल एवढा अर्क शक्यतो एकाच घाण्यात काढून ठेवा. मधेच दुसरा घाणा वापरला आणि निकाल डळमळीत आला, तर दोष वेलीचा की घाण्याचा हे मग शोधता येत नाही.

जड धातूंची तपासणी प्रत्येक घाण्याला: शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३ याच्या आत. सूक्ष्मजंतू, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष), कीटकनाशकं. आणि यानंतरची तपासणी ऐकून तुम्हाला राग येईल, तरी सांगतो: स्टिरॉइड आणि वेदनाशामकांसाठीही अर्क तपासून घ्या. तुम्ही काही मिसळलं असेल असं मला म्हणायचं नाही. पण सांधेदुखीच्या ‘शुद्ध आयुर्वेदिक’ पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा डायक्लोफिनॅक सापडणं ही या देशात जुनी गोष्ट आहे, आणि तुमचा निकाल चांगला आला तर पहिली शंका तीच घेतली जाईल. उत्तर फाइलमध्ये तयार असलेलं बरं. रुग्णांनाही विचारा की शेजारून आणलेली कुठली पुडी चालू आहे का. अशी पुडी अचानक थांबली की दुखणं उसळतं, माणूस गळून जातो, आणि त्याचं खापर तुमच्या अर्कावर फुटतं.

गुळवेलीचा विषय काढला म्हणजे यकृताचा काढावाच लागतो. कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण २०२१ मध्ये नोंदवले. चित्र ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखं होतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उठावी तसं. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण मांडले. आयुष मंत्रालयानं हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, क्रिस्पासारखी भलतीच जात असू शकते, असा त्यांचा एक मुद्दा होता. वाद कोणाच्या बाजूनं सुटायचा तो सुटो. चाचणी आखणाऱ्याला दोन्ही बाजूंकडून एकच काम मिळतं: वेलीची ओळख पक्की करा आणि यकृतावर डोळा ठेवा.

तुमच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे, कारण रुग्णांना आधीच एक ऑटोइम्यून आजार आहे आणि मेथोट्रेक्सेट स्वतःच यकृतावर भार टाकतं. दवाखान्यात एखाद्याचं एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं तर दोष कोणाचा, हे तुम्ही सांगू शकणार नाही. दोन गट असले तर सांगता येतं, कारण मेथोट्रेक्सेट दोन्हीकडे आहे. सुरुवातीला हेपॅटायटिस बी, सी आणि एएनए (ऑटोइम्यून आजाराची रक्ततपासणी) तपासा. एसजीपीटी आधीच वाढलेले, नियमित दारू घेणारे, पूर्वी ऑटोइम्यून हेपॅटायटिस झालेले वगळा. मग दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात आणि पुढे दरमहा यकृताची तपासणी. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिप्पट झालं की कॅप्सूल बंद. सोबत बिलिरुबिनही दुप्पट झालं तर त्याच दिवशी यकृततज्ज्ञाकडे, आणि एथिक्स कमिटीला कळवायचं. हे सगळं आधी लिहून ठेवायचं, त्या वेळी ठरवायचं नाही.

‘पण गुळवेल तर प्रतिकारशक्ती वाढवते’ असं कुणी कौतुकानं सांगितलं की मला उलट धास्ती वाटते. ज्या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उठली आहे तिथे तिला आणखी जोर द्यायचा आहे का? वनस्पती आजार भडकवू शकते याची नोंद जुनी आहे. जनावरांना घालतो त्या लसूणघासाच्या, म्हणजे अल्फाल्फाच्या, गोळ्या घेतल्यावर ल्युपस पुन्हा उसळल्याचं १९८३ सालीच प्रसिद्ध झालं होतं. पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत गुळवेल काही ठिकाणी दाह कमी करताना दिसते, काही ठिकाणी मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशींना चेतवताना. माणसात यातलं कोणतं पारडं जड आहे हे माणसातच मोजावं लागेल. म्हणून ‘आजार भडकला’ ही नोंद चाचणीत सुधारणेइतकीच महत्त्वाची ठेवा.

वनस्पतीचा अर्क पूरक म्हणून खरोखर टिकतो का, याची उत्तरं जगात आहेत, आणि ती गुंतागुंतीची आहेत. चीनमध्ये ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी नावाची वेल आमवातात वापरतात. तिथल्या २०७ रुग्णांच्या चाचणीत, जी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीन गट होते: नुसतं मेथोट्रेक्सेट, नुसता अर्क आणि दोन्ही एकत्र. निदान निम्मी सुधारणा २४ आठवड्यांत अनुक्रमे ४६.४, ५५.१ आणि ७६.८ टक्के लोकांत दिसली. बेरीज स्पष्ट दिसते. पण ती चाचणी उघड होती, आपल्याला काय मिळतंय ते रुग्णांना ठाऊक होतं. त्याच वेलीची अमेरिकेतली १२१ रुग्णांची चाचणी २००९ ची. तिथे अर्काच्या गटात ६५ टक्के आणि सल्फासॅलाझिन या जुन्या औषधाच्या गटात ३२.८ टक्के लोक सुधारले, मात्र २४ आठवडे पूर्ण करणारे अर्काच्या गटात ६२ टक्के आणि दुसऱ्या गटात ४१ टक्केच होते. शिवाय ही वेल पुरुषांत शुक्राणू घटवते आणि स्त्रियांत पाळी थांबवू शकते. म्हणजे ती काम करते, आणि तरीही लग्नाच्या वयाच्या मुलीला ती मी सुचवणार नाही.

जपानमध्ये नीळ देणाऱ्या वनस्पतींपासून केलेल्या चूर्णाची अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये चाचणी झाली, ८६ रुग्ण, २०१८ मध्ये प्रसिद्ध. आठ आठवड्यांत प्लासिबोवर १३.६ टक्के सुधारले, चूर्णाच्या तीन मात्रांवर सुमारे ७० ते ८१ टक्के. इतका मोठा फरक नव्या औषधांतही क्वचित दिसतो. पण ती चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण चाचणीबाहेर एका रुग्णानं तेच चूर्ण स्वतः विकत आणून सहा महिने घेतलं होतं आणि त्याच्या फुप्फुसाच्या रोहिणीतला दाब वाढला. आठ आठवड्यांत हे दिसलं नसतं. तुमच्या चाचणीनंतर निदान सहा महिने रुग्णांची विचारपूस चालू ठेवा, ती यासाठी.

हळदीचंही बघा, कारण तिचं नाव निघाल्याशिवाय आपल्याकडे हा विषय संपत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतला घटक) मेसालामिन या नेहमीच्या औषधाच्या जोडीला दिलं तेव्हा, २०१५ मधल्या चाचणीत, चौथ्या आठवड्यात २६ पैकी १४ जणांचा आजार शांत झाला. प्लासिबोच्या २४ पैकी एकाचाही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅमची चाचणी २०१७ मध्ये आली, तिच्यात फायदा दिसला नाही. त्यामुळे ‘हळद चालते’ किंवा ‘हळद चालत नाही’ ही दोन्ही वाक्यं मात्रा सांगितल्याशिवाय अपुरी आहेत. तुमच्या दहा जणांना तुम्ही किती मिलिग्रॅम दिलात? तोच डोस का? मोठ्या चाचणीआधी दोन-तीन मात्रांची छोटी तपासणी करा. आणि शोषण वाढावं म्हणून अर्कात पिपेरीन (मिऱ्यातला तिखट घटक) घालू नका. ते हळदीचं शोषण वाढवतं तसं इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण बदलतं, आणि मग मोजतोय काय हेच कळेनासं होतं.

मोजमाप काय ठेवायचं? एकच मुख्य निकष, आधी ठरवलेला. मी २४ आठवड्यांनंतरचा डीएएस-२८, म्हणजे आजाराची तीव्रता सांगणारा आकडा, घेईन: २८ सांध्यांतली दुखरी आणि सुजलेली संख्या, ईएसआर किंवा सीआरपी (दाहाच्या रक्ततपासण्या), आणि रुग्णाचं स्वतःचं मत. ५.१ च्या वर तीव्र आजार, २.६ च्या खाली आजार शांत. नुसतं दुखणं मोजू नका. नुसता वेदनाशामक गुण असलेला अर्क दुखणं कमी करेल आणि आत हाड झिजतच राहील. वेदनाशामक गोळ्या किती लागल्या हे रोजच्या वहीत लिहून घ्या. अर्काच्या गटात त्या निम्म्या लागल्या आणि डीएएस सारखाच राहिला, तरी तो रुग्णाच्या पोटाच्या आणि किडनीच्या दृष्टीनं फायदाच आहे, फक्त तो वेगळा फायदा म्हणून सांगायचा.

संख्या अपेक्षेवर अवलंबून आहे. प्लासिबोवर ३० टक्के आणि अर्कावर ५० टक्के सुधारतील असं धरलं, तर नेहमीच्या सांख्यिकी अटींत दर गटात साधारण ९३ रुग्ण लागतात. मधेच सोडून जाणारे धरून ११५ च्या आसपास. डीएएस-२८ मध्ये ०.६ चा फरक अपेक्षित असेल आणि रुग्णांतला फरक १.२ च्या आसपास असेल तर दर गटात ६४, अधिक गळती. एका तालुक्याच्या दवाखान्यात हे होणार नाही, दोन-तीन केंद्रं लागतील आणि सोबत एक ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचा तज्ज्ञ, लागेल. कोइंबतूरमध्ये आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही मिळून अशी ४३ रुग्णांची सुंदर आखलेली डबल ब्लाइंड चाचणी झाली, २०११ मध्ये प्रसिद्ध. तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. पण एवढ्या लहान संख्येत ‘फरक दिसला नाही’ म्हणजे ‘दोन्ही सारखे’ असं म्हणता येत नाही, आणि लेखकांनीही ती पायलट, म्हणजे पूर्वतयारीची चाचणी, म्हणूनच मांडली. लहान चाचणी करायला हरकत नाही, फक्त तिच्याकडून निकाल मागू नका. रुग्ण मिळतात का, टिकतात का, यकृत ठीक राहतं का, गुपित राहतं का, एवढं तिनं सांगितलं तरी पुष्कळ.

परवानग्यांचं थोडक्यात, कारण हा भाग तुमच्या अर्काच्या स्वरूपावर अवलंबून आहे. संस्थेची नोंदणीकृत एथिक्स कमिटी लागेलच. पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंद हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद चालत नाही. ग्रंथोक्त पद्धतीनं केलेलं आयुर्वेदिक औषध म्हणून तपासणार असाल तर आयुषचे नियम. शुद्ध केलेला, ठरावीक घटकांचा अंश म्हणून नवं औषध करायचं असेल तर तो फायटोफार्मास्युटिकलच्या (वनस्पतीपासूनच्या आधुनिक औषधाच्या) वाटेनं जातो. २०१५ च्या अधिसूचनेनुसार त्यात किमान चार घटक ओळखून मोजलेले लागतात आणि सीडीएससीओची, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची, परवानगी लागते. दुसरी वाट लांब आणि खर्चिक आहे. संमतीपत्र मराठीत, रुग्णाला वाचून दाखवलेलं, आणि त्यात यकृताचा धोका पहिल्या पानावर. इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण देणार हेही त्यात हवं. मेथोट्रेक्सेटमुळे गर्भ राहणार नाही याची काळजी तशीही घ्यावी लागते, अर्काच्या चाचणीत ती अट दुहेरी समजा.

म्हणजे क्रम असा: आधी वेलीची ओळख आणि अर्काचा पक्का ठसा, मग मात्रा आणि यकृत पाहणारी छोटी तपासणी, मग स्थिर मेथोट्रेक्सेटवर दोन गटांची डबल ब्लाइंड चाचणी, दोन-तीन केंद्रांत. मधली पायरी गाळायचा मोह पैसे देणाऱ्याला होतो, त्याला तुम्हीच आवरायचं.

ज्या दहा जणांना तुम्ही अर्क देताय त्यांचं मात्र आजच बघा. सगळ्यांचं एसजीपीटी, बिलिरुबिन आणि रक्ताचा पूर्ण अहवाल या आठवड्यात करून घ्या. डोळे पिवळे, लघवी गडद, खाज किंवा अन्नावरची वासना गेलेली असेल तर अर्क थांबवा आणि लगेच पाठवा. त्यांच्या मेथोट्रेक्सेट लिहिणाऱ्या डॉक्टरांना अर्काबद्दल कळवा, चिठ्ठीवर नाव आणि मात्रा लिहून. बरेचदा त्यांना हे माहीतच नसतं, आणि एसजीपीटी वाढलं की ते बिचारे मेथोट्रेक्सेट कमी करतात. नवे रुग्ण चाचणी उभी राहीपर्यंत घेऊ नका.

अर्क पाण्यातला की अल्कोहोलमधला, किलोमागे किती निघतो, रोज किती मिलिग्रॅम देता, आणि दहा जणांच्या मेथोट्रेक्सेटच्या तारखा व डोस, एवढं कळवलंत तर छोट्या तपासणीचा आराखडा आपण आकड्यांसह मांडू शकतो.